सवासिणीचे हात

“नवरा जिवंत आहे तुहा, अन् मोकळ्या हातानं वाढून राहिली? काहून?” रुखमिणीबाईंनी ताट बाजूला सारलं.

“मी इथंच आहो, माय,” सोमाजी भात कालवत म्हणाला. “मेलो नाही अजून. चंद्रकला, वरण वाढ थोडं.”

“तू चूप राह्य. तुले काय समजते त्यातलं.”

चंद्रकलेने नवऱ्याला वरण वाढलं. वर्षानुवर्षं हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या तिथे मनगटावर कातडीचा फिकट पट्टा दिसत होता. दुपारी दवाखान्यातच तिने त्या वाढवल्या होत्या.

मोहाडीहून बसने जाऊन ती भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्सचं काम करायची, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत. तिथे कोपरापर्यंत हात उघडे ठेवायचा नियम होता. ती घड्याळ काढायची, अंगठी काढायची. बांगड्या मात्र वर चढवून त्यांवर चिकटपट्टी लावायची. घट्ट भरलेल्या बांगड्या रोज काढता येत नाहीत, फोडाव्याच लागतात. मोठ्या सिस्टर पाहून न पाहिल्यासारखं करायच्या. त्यांच्याही घरी सासू होती. हात मात्र चंद्रकला इतके घासून धुवायची की बोटांच्या चिरा कधी भरून येत नसत.

मग गेल्या महिन्यात तीन बाळं एकामागून एक मलूल झाली. तिघांच्याही रक्तात एकच जंतू निघाला, भारी इंजेक्शनांनाही न जुमानणारा. खोलीत काम करणाऱ्या सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले. आज निकाल आला: तोच जंतू दोघींच्या हातांवर सापडला. त्यांतली एक चंद्रकला. तिच्या तर बांगड्यांखालीही. कोणाकडून कोणाला गेला ते सांगता येत नाही, मनाला लावून घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. दोन बाळं सावरली. नाकाडोंगरी गावच्या एका बाईचं बाळ गेलं.

“ते लेकरू तुह्या बांगड्यानं मेलं म्हणते का डॉक्टर?” रुखमिणीबाईंनी विचारलं.

“माहीत नाही. कोणालेच माहीत नाही.”

“मंग?”

“ती बाई दुसऱ्या सिस्टरले हात लावू देत नव्हती, माय. त्या सिस्टरचे हात रिकामे म्हणून. मले म्हणे, तुम्ही सवासीण, तुम्हीच दूध पाजा माह्या लेकराले.” चंद्रकला म्हणाली. “अन् मले बरं वाटे.”

रुखमिणीबाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे चंद्रकलेची सून रिता उभी होती. तिला सातवा महिना लागला होता आणि शुक्रवारी ओटी भरायची होती.

“भुंड्या हातानं भरशील हिची ओटी?”

“मले चालते, आजी,” रिता म्हणाली.

“तुले कोण विचारून राहिलं?”

सोमाजीने बोटं चाटली. “प्लास्टिकच्या ढिल्या घे. घरी घालायच्या, बसमध्ये काढायच्या. झालं.”

“एक दिवस बस उशिरा येईल अन् मी घाईत तशीच आत जाईन. मी कशी आहो, ते मले माहीत आहे.”

“लोक काय म्हणतील, ते नाही माहीत?” रुखमिणीबाई म्हणाल्या.

“माहीत आहे. रिताले काही कमीजास्त झालं तर तुम्हीही जन्मभर माह्या हाताकडेच पाहाल.”

चंद्रकलेने उष्टी ताटं गोळा केली.

“आजपासून माह्या हातात बांगडी राहणार नाही, दवाखान्यात नाही अन् घरीही नाही. रिताची ओटी दुसऱ्या सवासिणीनं भरावी. अन् बाळ झाल्यावर, माह्या हाताचा नमुना साफ आल्याबिगर मी त्याले घेणार नाही.”