एकतीस नंबरची फाईल

मी लिहिलेलं ते टूल इतकं साधं आहे की त्याची ओळख करून द्यायचीही लाज वाटते. काळ्या पडद्यावर टाइप करायच्या तीन कमांड, बस्स. डेटाबेसच्या रचनेत काही बदलायचं असलं की तो बदल नव्या फाईलमध्ये लिहायचा आणि तिला पुढचा नंबर द्यायचा. न चाललेल्या फायली टूल क्रमाने चालवतं आणि चाललेले नंबर लक्षात ठेवतं. नियम एकच: चाललेल्या फाईलला हात लावायचा नाही, चूक झाली तर नवी लिहायची. टी. टी. नगरच्या आमच्या ऑफिसात हे इतक्यांदा सांगितलंय की आता स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा येतो.

तरी माझ्या सहकाऱ्याने जुन्या फाईलमध्ये बदल केलाच. त्याच्या मशीनवर डेटाबेस कोरा होता, म्हणून सगळं चाललं. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मंडीदीपच्या कारखान्यात ती फाईल आधीच चाललेली. टूलने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, गेटपास निघेनात आणि गेटवर ट्रक अडकले. त्याच सकाळी आईच्या पहिल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिला शेजारच्या वहिनींच्या हवाली करून मी मंडीदीप गाठलं, तणतणत एकतीस नंबरची फाईल लिहिली आणि फोनवर त्याला नको नको ते बोलले.

दुसऱ्या डोळ्याच्या दिवशीही नेमकी कारखान्यात नवी फाईल चालवायची होती. या वेळी मी जाणार नव्हते. "ताई, टेन्शन नका घेऊ, मैं देख लूँगा," तो म्हणाला. दवाखान्यात मी फोन मांडीवर घेऊन बसले. तो वाजलाच नाही. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटायच्या आधी थोडं वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाहिलं तर एक फाईल जास्तीची होती. अगदी वरच त्याने लिहिलं होतं: "एकतीसमध्ये ताईंची चूक आहे. एकतीसला हात लावलेला नाही. दुरुस्ती इथे केली." चूक खरंच माझी होती. एवढं सापडूनही त्याने मला फोन केला नव्हता. मी दोघांसाठी चहा मागवला.

संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. काळा चष्मा लावून ती ऐकत होती.

"म्हणजे काल तू जाणारच नव्हतीस," ती म्हणाली. "मी उगाच वहिनींना दिवसभर खाली दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसवून ठेवलं."