आईने देवासाठी सोडलेली गोळी

देवाला आपलं ऐकू येतं का, याची मला कधीच खात्री नव्हती. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून आईचा आजार समजून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पुरेसं हॉर्मोन तयार करत नाहीत. रोज सकाळची स्टेरॉइडची गोळी ती उणीव भरून काढते. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "बाकी सगळं बंद, पण ही गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच." मी ते आईला सांगितलंही होतं.

त्या सकाळी वसईच्या हॉस्पिटलात आई फार गळून गेलेली दिसत होती. मला वाटलं, घाबरली असेल. शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सुनेला भेटायला जवळच्या नंदाखाल गावच्या एक मावशी आल्या होत्या. गळ्यात क्रूस, हातात पिशवीभर केळी. त्या वॉर्डभर वाटत सुटल्या.

"घे बाय, आमच्या वाडीतली हाय."

"आज नको. ऑपरेशन हाय, नि माझा सोमवार पन. पानीसुद्दा नाय घेतलं," आई म्हणाली. मग जरा अभिमानाने, "गोळी पन सोडली देवासाठी."

मावशी हसल्या. "देवानं मागितली काय गो गोळी? त्याला काय झालंय?"

आईही हसली. मी मात्र उठून धावले. मॅडम कुणाशी तरी बोलत होत्या. एरवी मी दारातच थांबले असते, पण त्या दिवशी मध्येच बोलले.

त्या लगेच आल्या. आईचा रक्तदाब खाली गेला होता. त्यांनी ऑपरेशन थांबवून सलाईनच्या नळीतून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. मग मला समजावलं. शिरेतून भूल दिली की रक्तदाब उतरतो. निरोगी शरीर हॉर्मोन वाढवून सावरतं, आईचं सावरलं नसतं. भुलीचं एक औषध तर या ग्रंथींचं कामच रोखतं. ते त्या टाळणारच होत्या. "पण गोळी पोटात आहे असं मी धरून चालले होते," त्या म्हणाल्या. रक्तदाब वर आल्यावरच आईला आत नेलं.

बाहेर बसल्यावर मला प्रार्थना सुचेना. मला येत होतं ते करून झालं होतं. पुढचं माझ्या हातात नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे तेव्हाच मन शांत झालं. मी नुसते हात जोडले. म्हटलं, आता तू बघ.

आई शुद्धीवर आली आणि पहिलं म्हणाली, "झालं व्हय? मला वाटलं, अजून न्यायचंय."

आभार मानायला मी वॉर्डात गेले. मावशी खुर्चीतच झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, पायाशी रिकामी पिशवी. केळी आईपर्यंत पोचण्याआधीच संपली असती, तर गोळीचं कुणाला कळलंच नसतं. त्यांनी केळं पुढे केलं आणि आई बोलून गेली. ते कुणी बोलवून घेतलं, मला सांगता येत नाही. मी त्यांना उठवलं नाही. ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं, तेवढा पडदा ओढला आणि आईजवळ जाऊन बसले.