चिंबोरीचं बीळ
बाजारात चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, टोपलीतून ओल्या चिखलाचा वास आला की मला जव्हारच्या कॉलेजातला माझा सेमिनार आठवतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि हा सेमिनार बिघडला तर एम.एस्सी.चं नाव काढायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींत एक एन्झाइम अँटिबॉडीच्या जीनमधली ए, टी, जी, सी ही अक्षरं बदलतं, हा विषय. पाठ केलेलं घडाघडा म्हणून झालं, तेवढ्यात सरांनी विचारलं, "सी हे अक्षर तर जीनभर आहे, मग एन्झाइम ठरावीक सीवरच जास्त का जातं?" मी पाठ केलेलंच पुन्हा म्हणू लागले. "पोरी, घरी सांगशील तसं सांग," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, शेताच्या बांधाला बिळं पुष्कळ, पण तोंडाशी ताजा चिखल दिसेल तिथंच आम्ही हात घालतो. चिंबोरी दरवेळी मिळतेच असं नाही, पण तिथं जास्त मिळते. एन्झाइमपण तसंच, सीच्या शेजारची अक्षरं बघतं." मागून दाभोसा गावचा एक पोरगा ओरडला, "नि साप निघाला तं?" वर्ग हसला, माझे डोळे भरले. सर मात्र खडू घेऊन उठले. "बरोबर विचारलंस. एन्झाइम भलत्याच जीनमध्ये शिरलं तर कॅन्सर होऊ शकतो, तोच हा साप," म्हणत त्यांनी फळ्यावर बांध काढला आणि खडू माझ्या हातात दिला, "आता बिळं तू काढ." आज मीही हाच धडा शिकवते. पुस्तकातली आकृती नंतर, आधी फळ्यावर सरांचा तो बांध काढते.