उजव्या मांडीचा कौल

डाव्या नडगीवरचं कातडं गेलं होतं आणि आत हाड दिसत होतं. स्कूटर चिऱ्यांच्या ढिगावर घातली, ती माझीच अक्कल. गोव्यातल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या मांडीवरचा कातडीचा तुकडा त्याच्या धमनीसकट काढून नडगीवर जोडू. जगला तर पाय वाचेल.

मी शिरोड्यात एकटाच राहतो. लग्न केलं नाही, ओरोसला कारकुनी केली आणि निवृत्त झालो. विचारायला माणूस एकच, बांद्याला दिलेली थोरली बहीण. अक्काला फोन करून म्हटलं, देवळात कौल लाव, उजव्या मांडीतलं घ्यायचं का एवढंच विचार. देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की होय. कौलाशिवाय आमच्याकडे विहीरसुद्धा खणत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "देवान उजवो दिल्यान रे." मी निर्धास्त झालो.

मग बाई पेनाएवढं यंत्र घेऊन आल्या आणि मांडीवर टेकवून ऐकू लागल्या. रक्त वाहतं तिथे ते सूं-सूं वाजायचं. उजवीकडे त्या कितीतरी वेळ वाकून ऐकत राहिल्या. खरं सांगतो, इतकं कान देऊन माझं कोणी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. संपूच नये असं वाटलं.

उजवी मांडी गप्पच होती. स्कॅन काढला, तर तिथली धमनी भलत्याच जागेहून निघालेली आणि दोऱ्यासारखी बारीक. डावीकडची मात्र ठणठणीत. "पुस्तकातलं चित्र सगळ्यांना लागू पडत नाही," बाई म्हणाल्या. "एकाच माणसाच्या दोन मांड्यासुद्धा सारख्या नसतात. उजवीकडचं लावलं तर काळं पडेल, आणि मग पाय कापावा लागेल."

मी म्हटलं, कौल उजव्याचा आहे. डावीला हात लावायचा नाही.

बाई चिडल्या. मी त्यांच्याहून जास्त चिडलो. शेवटी त्यांनी माझ्या केसपेपरवरचा नंबर बघून अक्काला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का बसने आली. दारातच मला तिचं कपाळ दिसलं. मोकळं. हातात बांगड्याही नव्हत्या.

"भावजी गेले तुझे," ती म्हणाली. "आज नववो दिस. सुतकात माका देवळात कोण घेतलो? मी गेलंयच नाय. तुका धीर येवंदे म्हणान तसा सांगलंय."

"माका कळवलंस कित्याक नाय गो?"

"तू हंय असो पडलेलो. तुका कसा सांगू?"

तेरावं व्हायच्या आत ती घराबाहेर पडली होती, माझ्या डाव्या मांडीसाठी. नातेवाइकाच्या सहीच्या जागी तिने पूर्ण नाव लिहिलं. मधलं, नवऱ्याचं नाव लिहिताना तिचा हात थांबला.

डावीकडचा तुकडा लागला. नर्स तासातासाला येऊन त्यावर यंत्र टेकवायची आणि सूं-सूं ऐकून समाधानाने जायची. अक्का उशाशी बसलेली असायची. मला रडू आलं की तिला वाटे, पाय दुखतोय.

पाय दुखत नव्हता. त्या नऊ दिवसांत तिने मला रोज फोन केला होता. जेवलास काय, झोप लागता काय, सगळं विचारायची. आणि तू कशी आहेस, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.