पडायच्या आत

घशाच्या ऑपरेशननंतर शेजारच्या वसंतकाकांचा आवाज गेला. म्हणून मी त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काकांनी टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने बोलायचं. माझ्या विंडोजवर तो छान बोलायचा. काकांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर मात्र वाक्याच्या मध्येच बंद पडायचा. काका की-बोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवायचे. ते बघवायचं नाही.

रविवारी माझ्या ऑफिसातली मीरा आली. तिने चालत्या प्रोग्रॅममधली चूक पकडणारा डीबगर लावला, काकांनी टाइप केलं आणि पडदा थबकला.

"गेला?" मी विचारलं.

"जायच्या आत धरलाय," ती म्हणाली. "प्रोग्रॅम चुकला की लिनक्स त्याला सिग्नल पाठवतं. तो आधी डीबगरच्या हातात येतो. विंडोजमध्ये हीच खबर वेगळ्या नावाने, वेगळ्या वाटेने येते."

पडद्यावर नेमकी ती ओळ होती. स्वल्पविरामाला आवाज नसतो, तरी प्रोग्रॅम तो शोधायला रिकाम्या जागेत शिरत होता. विंडोजवर तो केवळ नशिबाने वाचत होता.

मीरा ओळ दुरुस्त करत होती आणि मला हा डीबगर लिहिणारी कोण कुठली ती माणसं आठवत होती, कधीही न भेटलेली. कोसळणाऱ्याला क्षणभर धरावं, कुठे दुखतंय ते विचारावं, आणि त्यासाठी प्रत्येक सिस्टिमची भाषा शिकावी, असं त्यांना वाटलं होतं. किती उपकार!

काकांनी पुन्हा टाइप केलं. कॉम्प्युटर बोलला, "मीरा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

स्वयंपाकघरातून काकू सवयीने ओरडल्या, "अहो, ठेवलाय!"