खिरापत फुटली कशी

गुळाच्या पाकाला फेस येऊ लागला की पळीने एक थेंब वाटीभर थंड पाण्यात सोडावा. थेंब पसरला तर पाक कच्चा आहे. बोटांत धरून त्याची मऊ गोळी झाली तर तो वड्यांसाठी योग्य. आणि तीच गोळी वाटीच्या काठावर आपटून टणकन वाजली तर मुरमुऱ्यांच्या लाडवांसाठी. शाळेत सारा जन्म काढलेल्या मला हे निवृत्तीनंतर कळले, आणि तेही पत्नीचा हात मोडला म्हणून.

ती भाद्रपदात मागच्या मोरीत घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर बसले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर जाणारे, त्यामुळे दुपारचे स्वयंपाकघर माझ्याकडे आले. पत्नी दाराशी खुर्ची टाकून बसे व सूचना देई. मी त्या सूचनांचे पालन करी, आणि तरीही पहिल्या दिवशी गूळ करपला.

"वर्गातल्या पोट्ट्याईले किती सांगत होते, लक्ष फळ्याकडे ठेवा म्हणून," ती म्हणाली. "आता तुमचं कुठं होतं?"

एवढ्या खटाटोपाचे कारण भुलाबाई. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती घरोघर बसवतात. संध्याकाळी मुली जमतात, टिपऱ्या खेळतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापतीची वेळ येते. खिरापत म्हणजे त्या दिवशीचा खाऊ. तो उघडा वाटायचा नसतो. यजमानाने बंद डबा मुलींपुढे धरायचा, त्यांनी तो हलवून, कान लावून आत काय आहे ते ओळखायचे. ओळखले की डबा उघडतो. नाही ओळखले तर "हरलो" म्हणावे लागते, आणि खाऊ तरीही मिळतो. लहान मुलांसाठी यापेक्षा चांगला खेळ मला माहीत नाही. मुरमुरे सरसरतात, लाडू गडगडतात, वड्या एका बाजूला घसरतात. ऐकायला शिकवण्याचे हे उत्तम साधन आहे.

खामगावात आमच्या कॉलनीत ही प्रथा मंदावली होती. यंदा मी ती आमच्या अंगणात मुद्दाम सुरू केली, आणि हेतू माझ्या नातीशी संबंधित होता. ती पाच वर्षांची आहे. मुलाची बदली होऊन ते पुण्याहून इकडे आले तेव्हापासून ती घराबाहेर कोणाशी बोलत नाही. घरात बोलते, तेही मोजके. उंबरठा ओलांडला की तोंड बंद. सुनेचे म्हणणे, पुण्याच्या बालवर्गात तिच्या बोलण्याला मुले हसत. ती आमच्या मांडीवर बोलायला शिकलेली, म्हणून बोली वऱ्हाडी. ते खरे की नाही, मला सांगता येणार नाही. येथील बालवर्गाच्या बाईंनी मात्र स्पष्ट सांगितले होते की, दिवाळीपर्यंत मुलगी बोललेली ऐकू आली नाही, तर तिला मोठ्या गटातून पुन्हा छोट्या गटात बसवावे लागेल. मी विचार केला: खिरापत ओळखायला एकच शब्द पुरतो. सगळ्यांच्या गलक्यात तो एक शब्द तिच्या तोंडून निघून जाईल, आणि एकदा निघाला की पुढचे सोपे होईल.

म्हणून मी नियम आखले. लहान मुली पुढे, मोठ्या मागे. प्रत्येकीने पाळीपाळीने डबा हलवायचा. मग तीन प्रश्न विचारायचे: गोड की तिखट, गोल की चपटे, कोरडे की ओलसर. त्यानंतरच उत्तर. पाळी फिरत फिरत नातीपर्यंत यावी, अशी ही रचना होती.

पण पाळी तिच्यापर्यंत येतच नव्हती. शेजारच्या घरातली मुलगी, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, डबा हाती घेताच उत्तर सांगून मोकळी होई. प्रश्न नाही, विचार नाही. "शेंगदाण्याचे लाडू." "तिखटमिठाच्या पुऱ्या." दर वेळी बरोबर. टाळ्या होत, डबा उघडे, आणि नात माझ्या गुडघ्यामागे उभी राहून आपला वाटा घेई.

मुलींबरोबर आलेल्या आयांपैकी एकीने एकदा हसत म्हटले, "गुरुजीच्या घरी पेपर फुटून राह्यला वाटते."

ते शब्द माझ्या मनात रुतले. इतकी वर्षे मी प्रश्नपत्रिकांची पाकिटे सांभाळली. पेपर फुटतो तेव्हा तो आपोआप फुटत नाही. तो कोणीतरी फोडतो. मी तपास सुरू केला.

पहिला संशय पत्नीवर. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे मी अनुभवाने जाणतो. दुपारी ती पुढच्या पडवीत बसे, आणि जाणारी-येणारी प्रत्येक बाई तिच्या प्लास्टरची चौकशी करून जाई.

"आज काय करतो आहे ते कोणाला सांगितलेस का?" मी विचारले.

"मी काऊन सांगू? तुमचं बिघडते ते सांगायलेच दिवस पुरत नाही मले."

दुसरा संशय वासावर. बेसन भाजले की वास भिंत ओलांडतो, त्याला कोणी काय करावे. म्हणून एके दिवशी भाजणे-तळणे टाळले आणि दाणेगूळ कुटले. मुलीने ओळखले. कुटण्याचा आवाज गेला असेल, असे मी मानले.

तिसरा संशय अधिक गंभीर होता. शेजारच्या मुलीची आई दुपारी विरजणासाठी वाटी घेऊन येई. येई ती थेट स्वयंपाकघरात, कारण आमच्यात तसा घरोबा आहे. तिची नजर ओट्यावरून फिरते, असे मला वाटू लागले. नजर कोणाची फिरत नाही? पण संशय आला की साधी गोष्टही साधी दिसत नाही. पुढच्या दिवशी ती आली तेव्हा मी परातीवर घाईने पंचा टाकला. तो टाकताना माझा हात जरा जास्तच वेगाने हलला असावा.

ती थबकली. "काकाजी, झाकून काऊन ठेवता? माह्यी नजर लागते का?"

"माश्या आहेत," मी म्हणालो.

तिने ओट्याकडे पाहिले. तेथे एकही माशी नव्हती. विरजण घेऊन ती गेली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. संध्याकाळी तिची मुलगीही आली नाही. त्या दिवशी मी मोठ्या अपेक्षेने डबा पुढे केला: आता पाळी नातीपर्यंत पोहोचेल. पण नात अंगणातच आली नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. बाकीच्या मुलींनी प्रश्न विचारले, चुकल्या, "हरलो" म्हणाल्या. माझे नियम प्रथमच ठरल्याप्रमाणे पार पडले आणि मला त्याचे काही सुख झाले नाही.

सकाळी पत्नीने डाव्या हातात विरजणाची वाटी घेतली आणि स्वतः शेजारी गेली. परत आल्यावर एवढेच म्हणाली, "समजूत काढून आली. तुमचा तपास घरातल्या घरात ठेवा."

मी तो तसाच ठेवला. त्याच दिवशी पत्नीला प्लास्टर दाखवायला जायचे होते. सून रजा घेऊन तिला दवाखान्यात घेऊन गेली. शेजारीण अजून जरा घुश्शात होती, आली नाही. मी मुद्दाम असा जिन्नस निवडला ज्याला वास नाही आणि आवाजही नाही. बिया काढलेला खजूर हाताने मळावा, त्यात थोडी सुंठ घालावी, सुपारीएवढे गोळे करावेत व किसलेल्या सुक्या खोबऱ्यात लोळवावेत. चूल पेटवावी लागत नाही. लहान मुलांना हाताशी घेऊन करण्यासारखे हे काम आहे. मोडले तर पुन्हा वळता येते. लहानांच्या हाती नेहमी असेच काम द्यावे, जे बिघडले तरी दुरुस्त होते. नात नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी पाटावर बसली होती. निम्मे गोळे तिने वळले. उरलेल्या खोबऱ्यात बोटाने एक घर काढले, त्याला दार काढले.

संध्याकाळी शेजारच्या मुलीने डबा हातात घेतला, हलवलाही नाही, आणि म्हणाली, "खजुराचे गोळे. खोबऱ्यात लोळवलेले."

डबा उघडताना मी विचारात पडलो. वासाने कदाचित खजूर कळेल. लोळवलेले आहेत, हे वासाने कळत नाही. हे सांगणाऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्या दुपारी घरात मी होतो, आणि दुसरे कोणी नव्हते. असे मी रात्री जेवताना पत्नीला सांगितलेही.

"दुसरं कोणीच नव्हतं?" तिने विचारले.

"कोणीच नाही."

नात ताटातला भात चिवडत होती. तिला मी मोजलेच नव्हते. जी बोलत नाही तिच्यावर फोडल्याचा आळ येणार कसा?

दुसऱ्या दिवशी डाळ्याच्या वड्या केल्या. डाळे भाजलेलेच मिळते. त्याचे पीठ करून पाकात घालायचे. पाक पुन्हा एकदा करपला, पत्नी बोलली, दुसरा केला. वड्या थापून झाल्यावर मी ओले पंचे वाळत घालायला मागच्या अंगणात गेलो. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरामध्ये कमरेपेक्षा थोडी उंच भिंत आहे, तिच्याशी सीताफळाचे झाड आहे. झाडाआडून बोलणे ऐकू आले. शेजारची मुलगी एकटीच बडबडते आहे, असे प्रथम वाटले. मग दुसरा आवाज आला.

"आबाजीनं गूळ जाळला. आजी लय बोल्ली त्याईले."

"मंग?"

"मंग दुसरा केला. आज डाळ्याच्या वड्या हायेत. चौकोनी. वरतून खसखस लावली, मी लावली. तू सांगजो."

"तू काऊन नाही सांगत बे? तुह्याच घरची खिरापत हाये."

"तूच सांग. तुले जोरात येते."

नात न्हाणीतली बादली पालथी घालून तिच्यावर उभी होती. दोन्ही कोपरे भिंतीवर टेकलेली. ती पुढेही बोलत राहिली: पाण्यात थेंब कसा टाकतात, आबाजी वाटीत बोट घालून कसे ओरडले, शेजारणीच्या मांजरीला वडी चालेल का. इतकी वाक्ये एका वेळी मी तिच्या तोंडून घरातही ऐकली नव्हती. खांद्यावरचे ओले पंचे सदऱ्यातून पाठीला लागले तेव्हा मी भानावर आलो आणि पाय न वाजवता आत वळलो.

पत्नीला सांगितले. ती खुर्चीतून अर्धी उठली. "भिंतीपाशी? आपली?"

"आपलीच."

"तुम्ही टोकलं नाही ना तिले?"

"नाही."

"टोकू नका," ती म्हणाली. "आता कोणावर डोळे वटारू नका. माह्यावर बी नाही."

संध्याकाळी शेजारची मुलगी म्हणाली, "डाळ्याच्या वड्या, चौकोनी, खसखस लावलेल्या." मागून कोणीतरी म्हणाले, "घ्या, आजबी फुटला." मी गंभीर चेहऱ्याने सांगितले की तपास चालू आहे. नात माझ्या गुडघ्यामागे होती. तिला पुढे ओढावे, सर्वांसमोर बोल म्हणावे, असे माझ्या शिक्षकी हाताला फार वाटले. मी तो हात डब्यावर ठेवला.

त्यानंतर दोन कामे केली. पहिले म्हणजे शेजारणीकडे स्वतः गेलो, वाटीभर खजुराचे गोळे दिले आणि परातीवर पंचा का टाकला ते खरे सांगितले. ती हसली नाही लगेच. मग म्हणाली, "काकाजी, सरळ विचाराचं होतं. मी पोरीले विचारलं असतं." दुसरे, बालवर्गाच्या बाईंना भुलाबाईला बोलावले आणि जरा लवकर या म्हणून सांगितले. त्यांना चहासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवले. ती खिडकी सीताफळाच्या बाजूला उघडते. चोरून ऐकवतो आहे, हे मला पटत नव्हते. मुलीला कळले तर ती भिंतही सोडून देईल, ही भीती होतीच. त्या दुपारी चकल्या केल्या होत्या आणि सोऱ्यातून पहिली चकली कशी तुटली, याचे वर्णन भिंतीवर बराच वेळ चालले.

बाईंचा चहा निवला. "उच्चार स्पष्ट आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग कप खाली ठेवून पुढे म्हणाल्या, "राहू द्या मोठ्या गटात. मी तिला वर्गासमोर उभी करणार नाही. खिडकीशी एका मुलीच्या शेजारी बसवते."

त्या संध्याकाळी उत्तर शेजारच्या मुलीनेच दिले. नात बाईंकडे पाहून माझ्या मागे सरकली. बदल काहीच दिसला नाही, आणि बाईंनीही तो शोधला नाही.

कोजागिरी जवळ आली आहे. मी आता मुद्दाम किचकट जिन्नस निवडतो, कारण त्यांत सांगण्यासारखे अधिक असते. आज करंज्या होत्या. सारण तिने भरले, कातणे मी फिरवले, दोन करंज्या तेलात फुटल्या. पत्नीने त्यावर जे म्हणायचे ते म्हटले. पहिली करंजी निवल्यावर मी नातीला चव पाहायला दिली.

"कोणाला सांगू नकोस हं," मी म्हटले.

तिने मान हलवली, हात धुतले आणि बादली उचलली.