उळवीच्या जत्रेतला सोमवार

आठची बस सोमवारी येणार नाही, हे मला शनिवारीच ठाऊक होतं. उळवीची जत्रा लागली की आमच्या कुंभारवाड्याकडच्या गाड्या तिकडे वळवतात. दरवर्षीचंच आहे. पण आमच्या केंद्रातल्या समुपदेशक शैला मॅडम धारवाडहून नवीन आलेल्या. त्यांना कुठून ठाऊक असणार?

मी व्यसनमुक्ती केंद्रात मदतनीस होते. तुळशीदास आमचा पेशंट. जंगलातलं सागवान तोडल्याची केस त्याच्यावर होती. जामिनाची अट अशी, की दर सोमवारी बाराच्या आत जोयड्याच्या पोलीस ठाण्यात सही करायची. दोनदा तो विसरला होता. आता चुकला तर सरळ जेल.

बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला ए.डी.एच.डी. आहे. म्हणजे लक्ष एका जागी राहत नाही, मनात आलं की पाय निघतात. लहानपणापासूनचं, मोठेपणीही गेलेलं नाही. प्यायल्यावर थोडा वेळ डोकं शांत होतं, म्हणून पितो.

आधी मीच त्याला घेऊन जायची. बसची वाट बघताना हातात सोललेला वेत द्यायची. टोपली विणायला बसला की तासभर हलायचा नाही. मग मॅडम आल्या. त्यांनी त्याला चित्रांचं कार्ड करून दिलं: सूर्य, आठचं घड्याळ, बस, ठाणं. पाच सोमवार तो एकटा गेला.

"काकी, मॅडमनी मला माणूस केलं बघा."

"आन मी काय केलं रं?"

"तुमी व्हय? तुमी च्या केलासा."

शनिवारी मॅडमनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "अक्का, सोमवारचं सगळं बरोबर आहे ना?"

"तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार," मी म्हटलं आणि भांडी घासायला गेले.

सोमवारी तो साडेनऊपर्यंत स्टॉपवर उभा होता, असं दुकानदार म्हणाला. त्याच्यासाठी ते फार झालं. मग तो दारूच्या अड्ड्यावर गेला. बुधवारी पोलिसांनी तिथूनच उचलला. जामीन रद्द झाला.

ऑफिसात केंद्राचे प्रमुख सर मॅडमवर चिडले. "गाडीची चौकशी करायला नको?"

"चूक माझी, सर."

मी चहा घेऊन दारात उभी होते. खरं सांगते, घटकाभर बरं वाटलं. मग तुळशीदास कोठडीत येरझाऱ्या घालत असेल, ते डोळ्यांपुढे आलं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. तरी म्हटलं, "मला ठाऊक हुतं, सर. गाडी न्हाई ते."

"मग सांगितलं का नाही?"

"मॅडमनी इचारलं बी हुतं. मीच बोलले न्हाई."

मॅडम रागावतील असं वाटलं. त्यांनी वही उघडली. "अक्का, अजून कोणत्या दिवशी गाडी नसते?"

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. असं सरळ विचारणं मला कधी जमलं नाही. त्याचाही हेवा वाटला.

मग त्यांच्याबरोबर मी वकिलाकडे गेले, गाडी नव्हती म्हणून सांगितलं. तरी तुळशीदास बावीस दिवस आत राहिला. आमच्या कामात जे ठाऊक आहे ते वेळेवर बोलावं. रुसायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो.